धोंड्याचा महिना धरायचा नाही

दिवस उलटून गेलेली बाई ही सार्वजनिक मालमत्ता असते. बदलापूरला बेलवलीत आईच्या बिल्डिंगच्या जिन्यात जो भेटेल तो आधी माझ्या पोटाकडे बघायचा, मग तोंडाकडे. "अजून नाही?" दूधवाल्यापासून खालच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या बाईपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न. मी "नाही" म्हणायचे आणि ते "होईल, होईल" म्हणत मला धीर द्यायचे, जणू मीच खोळंबा करून ठेवला होता. शेवटी शेवटी मी जिना उतरायचंच सोडून दिलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यातच मी शहाडहून बदलापूरला आईकडे आले होते. वडील गेल्यापासून आई एकटीच असते. तशी ती कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझ्या सासरच्यांचा फोन आला की पदर डोक्यावर घेऊन बोलते, फोनवर दिसत नाही हे माहीत असूनही. मी तिला त्यावरून खूप चिडवायचे.

सासूबाई मूळच्या जुन्नरकडच्या. लग्न होऊन शहाडला आल्या, चार मुलं घरात जन्माला घातली आणि चारही जगवली, त्यामुळे बाळंतपण या विषयात त्यांच्यापुढे कुणाचं चालत नाही. त्या वाईट नाहीत, हे मी पहिल्यांदाच सांगून ठेवते. मला डोहाळे लागले तेव्हा कच्ची करवंदं कुठून कुठून शोधून आणली होती त्यांनी. पण त्यांचा एक हिशेब होता, आणि त्या हिशेबापुढे सोनोग्राफीचं मशीन म्हणजे काल आलेलं पोर.

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. त्या महिन्यात आईने जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे जेवायला घातले, अनारशाचं वाण दिलं, वर दिवा. माझा नवरा अनारसे घेऊन शहाडला गेला आणि सगळ्यांनी मिळून ते खाल्ले. तर सासूबाईंचं म्हणणं असं, की हा महिना वरचा. त्यात लग्नमुंज होत नाही, वास्तू होत नाही, मग पोटातले महिने मोजताना तो कसा धरायचा? डॉक्टरीणबाईंनी दिलेली तारीख गौरीगणपतीत येत होती. सासूबाईंच्या हिशेबाने मी नवरात्रात बाळंत होणार होते. अनारसे मोजून घेतले, पण तो महिना मात्र माझ्या बाळाला मिळाला नाही.

गणपती गेले. कळ नाही, काही नाही. पितृपक्ष लागला, पण त्याबद्दल सासूबाई अवाक्षर बोलल्या नाहीत. त्यांच्यासाठी तो मुद्दाच नव्हता, मुद्दा फक्त मोजणीचा होता.

अंबरनाथ पूर्वेला ज्या दवाखान्यात माझं नाव घातलं होतं तिथल्या डॉक्टरीणबाई कमी बोलायच्या. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, "पाणी कमी व्हायला लागलंय. उद्या सकाळी ॲडमिट व्हा. आपण औषध देऊन कळा आणू. आता थांबण्यात अर्थ नाही." मला हायसं वाटलं. खरं सांगते, मला आनंद झाला. पाय सुजले होते, कूस बदलताना उशी धरून उठावं लागत होतं, आणि कुणीतरी एकदाचं म्हणालं होतं की उद्या.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "त्यांना इचारते."

"आई, डॉक्टर सांगतायत."

"त्यांना इचारल्याबिगर कसा करू गो? त्यांच्या घरचा बाळ हाय."

दवाखान्याच्या बाकावर बसूनच फोन लावला, स्पीकरवर. सासूबाई एका दमात म्हणाल्या, "विहीणबाई, धोंड्याचा महिना धरलाय ना त्या डॉक्टरनं? तो वरचा, धरायचा नसतो. मग. औषध देऊन कळा आणायच्या, मग कळा आल्या नाहीत म्हणायचं आणि पोट फाडायचं. आमच्या शेजारणीच्या सुनेचं असंच केलं. फळ पिकलं की गळतंय आपोआप. घाई कशाची?"

आई डोक्यावरचा पदर सावरत "बरं, बरं" म्हणाली. मी चालू फोन तसाच हातात घेऊन परत आत गेले. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सोनोग्राफीत अधिक महिना दिसत नाही हो." सासूबाईंना ते लागलं. मग नवऱ्याचा फोन आला. तो अंबरनाथच्याच एमआयडीसीत कामाला, दवाखान्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, पण आला नाही, फोन केला. "आई एवढं म्हणतेय तर दोन-तीन दिवस बघू ना. लगेच काही होत नाही. ॲडमिट तर व्हायचंच आहे." दोघींच्या मध्ये सापडला की त्याचा आवाज बारीक होतो. डॉक्टरीणबाईंनी आईला समोर बसवून सांगितलं, की बाळाचं हलणं कमी वाटलं तर एक मिनिट घरी थांबायचं नाही. आईने मान हलवली. आम्ही रिक्षा करून घरी आलो.

ते दिवस मला आठवतात ते फरशी पुसण्याचे. उकिडवं बसून फरशी पुसली की कळा येतात म्हणे. मी दिवसातून दोनदा सगळं घर पुसायचे. आईने जिरं घालून उकळलेलं पाणी दिलं, दुधात एरंडेल दिलं, त्याने फक्त पोट बिघडलं. संध्याकाळी सासूबाईंचा फोन. "काय गं, खेळतंय ना?" खेळतंय, म्हणून सांगायचे. खेळत होतं. कुकरची शिट्टी झाली की दचकून लाथ मारायचं, इतकी जोरात की गाऊन हलायचा. मी आणि आई त्याला हसायचो.

एका दुपारी कुकरच्या शिट्ट्या झाल्या आणि ते हललं नाही.

मी आईला सांगितलं नाही लगेच. डाव्या कुशीवर झोपले. मग गार पाणी प्यायले. मग गुळाचा खडा खाल्ला. आईने बघितलं आणि काही न विचारता हातातलं वरणाचं पातेलं खाली ठेवलं. माझ्या पोटावर तळहात टेकवून ती बराच वेळ बसून राहिली, आणि मग उठून चपला घातल्या. या वेळी तिने शहाडला फोन केला नाही.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर जेल लावून यंत्र फिरवलं. एका बाजूला, मग दुसऱ्या, मग खाली. जिथे नेहमी पहिल्याच झटक्यात टपटप ऐकू यायचं तिथे फक्त खरखर. त्यांनी स्क्रीन स्वतःकडे वळवला. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "ठोके नाहीयेत."

मी विचारलं, "मग सिझर करा ना लगेच."

"आता सिझर करून उपयोग नाही. पोट फाडलं तर पुढच्या वेळेला तुलाच त्रास. आपण औषध देऊन कळा आणू."

म्हणजे तेच. शब्दसुद्धा तेच. ज्या औषधाला सगळ्यांचा नकार होता ते औषध केवढंसं असतं, ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. एक छोटी पांढरी गोळी. ती आत ठेवली, पडून राहायला सांगितलं. या वेळी कुणाची परवानगी लागली नाही. नवऱ्याने दाखवतील तिथे सह्या केल्या. सासूबाई आल्या, बाहेर बाकावर बसल्या, आत आल्या नाहीत.

गोळीने काही होईना. काही तासांनी दुसरी ठेवली. मग पाठीत खालून दुखायला लागलं, आणि मग सलाईनमधून कळांचं औषध सुरू केलं. शेजारच्या खाटेवर उल्हासनगरची एक सिंधी बाई होती. तिचेही दिवस उलटले होते, तिलाही तीच गोळी दिली होती. तिच्या पोटाला पट्टा बांधून मशीन लावलं होतं आणि त्यातून तिच्या बाळाचे ठोके खोलीभर ऐकू येत होते. भरभर, न थकता. आयाबाईंच्या ते ध्यानात आलं. त्यांनी जाऊन आवाज बारीक केला. तिची सासू माझ्याकडे वळून म्हणाली, "बेटा, बुरा मत मानना." मी काय वाईट मानणार होते? मला तर तो आवाज हवासा वाटत होता. बंद झाल्यावर खोलीत फक्त माझंच कण्हणं उरलं.

कळा सोसणाऱ्या बाईला सगळे एकच सांगतात, थोडंच राहिलंय, बाळाचं तोंड बघितलंस की सगळं विसरशील. मला काय सांगावं ते कुणाला सुचेना. आयाबाई सवयीने म्हणून गेल्या, "जोर लाव गं, बाळ..." आणि तिथेच थांबल्या. मी जोर लावला. कशासाठी लावायचा ते कळत नव्हतं, तरी लावला, कारण शरीराला कुणी सांगितलेलं नसतं. त्याचं आपलं काम चालू असतं. मला त्या वेळी माझ्याच शरीराचा भयंकर राग आला. एवढे दिवस एक कळ दिली नाही, आणि आता एवढ्या उत्साहाने.

संध्याकाळी उजेड असतानाच ती झाली. मुलगी होती. मी सांगायला नको, पण सांगते. मी कान देऊन वाट पाहिली. मशीन चुकतं, डॉक्टर चुकतात, असे किस्से मी ऐकले होते, आणि त्या एका मिनिटात मला ते सगळे आठवले. शेजारची बाईसुद्धा कण्हायची थांबली होती. मग डॉक्टरीणबाईंनी नाळ कापली.

तिला पुसून दुपट्यात गुंडाळायला आई आणि तेवढ्यात बाहेरून आत आलेल्या सासूबाई दोघी पुढे झाल्या. माझ्या पायांकडच्या टेबलावर, मला दिसेल अशा. भरलेली होती ती, डोक्यावर दाट जावळ. सासूबाईंनी तिची मूठ उघडली आणि तशीच धरून ठेवली. तळव्यांची कातडी सुरकुतून सोलपटली होती. नखं वाढून बोटांच्या पुढे आली होती. चार बाळंतपणं केलेल्या बाईला ते वाचायला मशीन लागत नाही. त्यांचा चेहरा माझ्या समोर उतरला.

"दिवस भरून वर गेल्यात," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही. "चांगलं वर गेल्यात."

आई दुपट्याचं टोक खोचत होती. मान वर न करता ती म्हणाली, "दिस तर गौरी गेल्या तवाच भरले."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. नवरा आणि त्याचा भाऊ मुलीला घेऊन गेले. कुठे पुरलं ते मी विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलं नाही.

मला परत बदलापूरलाच आणलं. बाळंतीण ती बाळंतीणच. तिसऱ्या दिवशी दूध आलं. आईने जुन्या सुती साडीच्या पट्टीने माझी छाती आवळून बांधली. नेहमीप्रमाणे मालिश, शेक, गरम पाणी, सगळं केलं तिने. फक्त खोलीत पाळणा नव्हता, आणि जिन्यात आता कुणी काही विचारत नव्हतं.

एका सकाळी ती माझ्या पाठीला तेल लावत असताना मी विचारलं. तोंड भिंतीकडे होतं म्हणून जमलं.

"तुला माहीत होतं?"

तिचा हात थांबला. "हो."

"कधीपासून?"

"तुझी पाळी चुकली तवापास्नं मोजतंय मी. मी तुझी आय. माझा कसा चुकंल?"

"मग फोनवर बोलली का नाहीस? एकदा म्हणायचंस, की नाही, धोंड्याचा महिना धरायचा असतो. एकदा. मी तिथेच बसले होते."

सासूबाई चुकल्या, पण त्यांना ते खरं वाटत होतं. त्यांना मी माफ करू शकत होते, नाही तर शिव्या तरी देऊ शकत होते. हिला सगळं माहीत होतं. त्या बाकावर माझ्या शेजारी डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या बाईला तारखेनिशी माहीत होतं, आणि ती "बरं, बरं, तुम्ही म्हणाल तसं" म्हणाली होती.

आईने हातावर पुन्हा तेल घेतलं. मग म्हणाली, "तुला तिकडं नांदायचा हाय ना गो."

आता मी शहाडला नांदते. सासूबाई मला कपडे धुऊ देत नाहीत, जड उचलू देत नाहीत, कुठल्याच महिन्याबद्दल काही बोलत नाहीत. आमचं चांगलं जमतं. आईचा रोज संध्याकाळी फोन येतो, जेवलीस का म्हणून विचारते. मी जेवले म्हणून सांगते आणि ठेवते.