निळ्या रिबनचा खेळ

लतिकाकाकूंना वाळूत सोनं पेरण्याचा आता मनस्वी कंटाळा आला होता. पेरायचं म्हणजे काय, तर सकाळी लवकर जाऊन लाकडी डोणीतल्या वाळूत चमकणारे कण मिसळून ठेवायचे, म्हणजे दिवसभरात येणाऱ्या शाळकरी पोरांना ते ‘सापडतात’. कॅलिफोर्नियात चौथीच्या मुलांना सोन्याच्या खाणींचा जुना इतिहास असतो, आणि त्यांच्या पिवळ्या बसेस सॅक्रामेंटोच्या वरच्या डोंगरातल्या या लहानशा म्युझियमकडे येत राहतात. काकूंचे गुडघे कुरकुरत होते, कंबर धरत होती. पण तिथली मॅनेजर जोॲन फोनवर गोड बोलली की नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नाही.

काकू तिथल्या सगळ्यात तरबेज होत्या, हेही खरंच. पसरट थाळीत वाळू आणि पाणी घ्यायचं, गोल गोल फिरवत हलकं ते सांडू द्यायचं, जड ते तळाशी राखायचं. इतर स्वयंसेवकांना हे शिकायला अख्खा उन्हाळा लागायचा. काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, “अय्या, हे तर तांदूळ रोळणं!” साताऱ्याला लहानपणी आईनं त्यांच्याकडून रोज तांदूळ रोळून घेतले होते आणि भातात खडा लागला की टपली दिली होती. इथे टाळ्या पडल्या. जगन्नाथकाका गेल्यानंतरचं ते पहिलं वर्ष होतं आणि घर खायला उठत होतं, त्यामुळे त्या टाळ्यांची काकूंना फार गोडी लागली.

तोवर त्या म्युझियममध्ये सगळं छान छानच होतं. दाढीवाले खाणकामगार, बँजो, ॲपल पाय. ज्या ओढ्याकाठी हा खेळ चाले, तिथूनच एकेकाळी चिनी खाणकामगारांना मारून हाकलून दिलं होतं. मेक्सिकन, चिली देशातले, सगळ्यांवर परदेशी म्हणून कर लावले, आणि कर भरूनही त्यांच्या जागा बळकावल्या. हे कुठल्या फलकावर नव्हतं. काकूंनी ते वाचलं आणि त्यांना झोप येईना. अमेरिकेत नवीन आल्या तेव्हा अपार्टमेंट रिकामं असूनही ‘भरलंय’ म्हणणारा मालक त्यांनी पाहिला होता. पाणी तपासायच्या सरकारी लॅबमध्ये नोकरी केली, तिथे त्यांचा डबा उघडला की एक बाई उठून खिडकी उघडायची. निवृत्त होईपर्यंत काकू गाडीत बसून जेवल्या. असलं सगळं गिळून माणूस थकतं, आणि ते थकणं कुठल्या डॉक्टरला दाखवता येत नाही.

म्हणून त्यांनी भांडून भांडून रिबनींचा खेळ आणला. मुलं पाणी ढवळायला लागली की टोपीतून रिबनी काढायच्या. ज्यांच्या वाट्याला निळी रिबन येईल, ते परदेशी. घंटा वाजली की बाकीच्यांनी त्यांना हाकलायचं. त्यांनी थाळी टाकून कुंपणापलीकडे उभं राहायचं आणि आपल्या जागी दुसरे सोनं काढताना बघायचं. मग काकू सगळ्यांना जवळ बोलावून विचारत, “कसं वाटलं?” पोरं गप्प व्हायची. काकूंच्या मते साऱ्या म्युझियममध्ये खरी गोष्ट तेवढीच होती.

यंदा मात्र काही पालकांनी तक्रार केली. मुलांना वाईट वाटतं म्हणे. म्युझियमची समिती खेळ बंद करायला निघाली. शेवटी ठरलं, की समितीचे मिस्टर हॉब्ज एकदा स्वतः येऊन बघतील आणि तिथल्या तिथे काय ते सांगतील. आणि त्याच दिवशी यायची होती काकूंच्या नातीची, रुहीची, शाळा. सून सावनी म्हणाली, “आई, टेन्शन घेऊ नका हं. झालं तर झालं.” झालं तर झालं! सहा वर्षांची मेहनत होती ती. एवढा खेळ टिकला की आपण सुखानं घरी बसू, असं काकूंनी मनाशी ठरवलं होतं.

त्या दिवशी ऊन रणरणत होतं. बस आली, मुलं उतरली, सोबत दोन-तीन आया. हॉब्ज टोपी घालून झाडाखाली उभे राहिले. रिबनी वाटल्या गेल्या. रुहीच्या वाट्याला निळी रिबन आली नाही. तिच्या शेजारी डोणीवर हारिका नावाची मुलगी होती, वर्गात नवीन. तिच्या दंडावर निळी रिबन बांधली गेली. तिची आई कुंपणाजवळ फोनवर फोटो काढत होती.

घंटा वाजली. एरवी पोरं “गो! गो!” करून हसत सुटतात. काकूंना तीच धास्ती होती, की हॉब्जना हा नुसता पोरखेळ वाटेल. पण रुही कमरेवर हात ठेवून हारिकासमोर उभी राहिली. “यू पीपल,” ती म्हणाली, “यू ऑल कम टुगेदर अँड स्पॉइल अवर नेम. वी वेअर हिअर फर्स्ट. अँड युवर फूड स्मेल्स इन अवर हाउस.” मग तिनं नाक मुरडलं आणि पदर झटकावा तसा हात झटकला, अंगात टी-शर्ट असून. सगळी पोरं थबकली. हारिकानं थाळी खाली ठेवली आणि कुंपणापलीकडे गेली.

काकूंनी ते लगेच ओळखलं. हे शब्द मराठीत होते तेव्हा त्यांच्याच तोंडचे होते. भावजयीशी फोनवर बोलताना, चहा टाकताना, मागच्या रस्त्यावर नव्यानं आलेल्या तेलुगू कुटुंबांच्या गाड्या दिसल्या की. ‘हे लोक लोंढ्यानं येतात आणि आपलं इतक्या वर्षांचं नाव घालवतात. काय तो फोडणीचा वास!’ शंभरदा म्हणून झालं असेल. कोणी आपलं ऐकून ठेवतंय, हे डोक्यातही आलं नव्हतं. आणि वाईट बोलतोय असंही कधी वाटलं नव्हतं, ही त्यातली खरी लाज.

हॉब्ज पुढे आले. भारावलेच होते बिचारे. “कुठे शिकलीस हे?” त्यांनी रुहीला विचारलं.

“माय आजी सेज इट,” रुही खुशीत म्हणाली आणि काकूंकडे बोट दाखवलं.

हॉब्जनी काकूंचे दोन्ही हात धरले. नातीची तालीम घेतलीत, वा! असा जिवंत प्रसंग आपण इथे पाहिला नव्हता. खेळ राहणार, समितीचं मी बघतो. जोॲननं तर काकूंना मिठीच मारली. हो म्हटलं की संपलं, जे हवं होतं ते मिळालं. नुसतं गप्प राहिलं तरी चालणार होतं. गप्प राहणं त्यांना चांगलं येत होतं, सगळी नोकरी त्यावरच काढली होती.

परत यायची घंटा झाली. कुंपणापलीकडची मुलं धावत आली. हारिका आली नाही. ती आईच्या कुर्त्यात तोंड खुपसून उभी होती. काकू गुडघे सांभाळत तिकडे गेल्या.

“बेटा, गेम होता तो,” त्या म्हणाल्या. “इट वॉज ओन्ली अ गेम.”

हारिकाची आई शांतपणे म्हणाली, “आंटी, ट्रेनिंग दिलं नव्हतं ना तुम्ही नातीला?”

बाई मराठीत बोलली म्हणून काकू चपापल्या. “तुम्ही...”

“नांदेडला शिकले मी. घरी तेलुगू, पण मराठी सगळं समजतं.” तिनं मुलीच्या केसांवरून हात फिरवला. “आमचं घर तुमच्या मागेच आहे. तुम्ही बॅकयार्डमध्ये फोनवर बोलता ना, तेव्हा आम्ही पण बाहेर असतो. खूप दिवस झाले. मी आता किचनची खिडकी बंद करूनच स्वयंपाक करते.”

काकूंना गाडीत बसून खाल्लेला डबा आठवला. लॅबमधल्या त्या बाईनं निदान स्वतः उठून खिडकी उघडली होती. “माझं चुकलं,” त्या म्हणाल्या. हारिकाच्या आईनं मान हलवली. ती ‘ठीक आहे’ म्हणून होती की नुसतीच, ते कळलं नाही. हारिकाला बसमध्ये जायचं होतं. दोघी निघून गेल्या.

काकू परत डोणीपाशी आल्या. बाकीची मुलं गोल करून बसली होती, हॉब्ज नेहमीचा प्रश्न ऐकायला उत्सुक होते. काकूंनी तो विचारला नाही. त्या हॉब्जना म्हणाल्या, “मी तिची तालीम घेतली नव्हती. आम्ही घरी असंच बोलतो. मी बोलते. ती मुलगी माझ्या शेजारची आहे.”

हॉब्जचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, मग हळूहळू गेलं. जोॲन “ओह, लतिका” म्हणाली. खेळाचं काय, ते आता समितीच ठरवेल, असं हॉब्ज जमिनीकडे बघत पुटपुटले.

मोठ्यांचे चेहरे बघून रुही कावरीबावरी झाली. ती उठून आजीजवळ आली, तिचा हात धरला. “आजी, व्हाय इज एव्हरीवन सॅड? आय सेड इट राइट, ना? जस्ट लाइक यू?”

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. पोरीचा चेहरा घामानं डवरला होता आणि शाबासकीसाठी वर वळला होता.

“हो गं बाळा,” त्या म्हणाल्या. “अगदी माझ्यासारखंच म्हणालीस.”