कौशिक गोत्राचा आरोपी

ती फिर्याद मला आजही शब्दन् शब्द आठवते, कारण तिच्यातला चोरीचा माल माझ्याच घरी सापडला. तोही देवापुढे, समईला टेकवून वापरलेला.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. गिरगावाजवळच्या एका पोलीस ठाण्यात मी निरीक्षक होतो. गणपती तीन आठवड्यांवर आलेले, ठाण्यात बंदोबस्ताच्या याद्या चाललेल्या. अशा गर्दीत एक बाई फिर्याद घेऊन आल्या. त्यांचे वडील गिरगावातल्या एका वाडीत राहणारे गुरुजी. घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. पण त्याआधी मुलीने मोबाइल ॲपसाठी त्यांच्या आवाजात गणपतीची अख्खी पूजा रेकॉर्ड करून ठेवली होती. संकल्पात यजमानाचं नाव आणि गोत्र घ्यावं लागतं. त्यासाठी गुरुजी रोज सकाळी नुसती नावं वाचत बसले होते. शेकडो नावं, मग एकेक गोत्र. ॲप विकत घ्यायचं, आपलं नाव-गोत्र भरायचं, की गुरुजी तुमच्या नावाने संकल्प सांगणार.

आदल्या वर्षी हे ॲप आलं आणि चारच दिवसांत त्याचं कुलूप तोडलेली फुकट प्रत मोबाइलवरून घरोघरी फिरली. विकत घेणारे बोटांवर मोजण्याइतके.

"यंदाही असंच झालं तर ॲप बंद करावं लागेल, साहेब," त्या म्हणाल्या. "बाबा पाटीवर लिहून विचारतात, किती यजमान झाले? मी आकडा वाढवून सांगते."

मी गुन्हा दाखल करून घेतला. वरिष्ठ म्हणाले, गणपती तोंडावर आणि तुम्ही ॲप कसली धरताय? मी म्हटलं, गणपतीचंच आहे, सर. त्यांनी हात जोडले, मला नव्हे, भिंतीवरच्या तसबिरीला.

सायबर शाखेने फाइल उघडून पाहिली आणि कळवलं, ही इतक्या हातांतून फिरली आहे की पहिला हात कोणाचा ते सांगता येणार नाही. लालबागला माझा एक जुना खबरी होता, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याला विचारलं. तो हसायला लागला. "साहेब, लोक फोनच्या कव्हरला पैसे देतात, काचेवरच्या प्लास्टिकला देतात. ॲपचं नाव काढलं की म्हणतात, ते आत असायलाच पाहिजे ना?"

मग मी पोलिसांची जुनी पद्धत काढली. ज्याच्याकडे फाइल सापडेल त्याला एकच प्रश्न: तुला कोणी पाठवली? हवालदाराला घेऊन लालबाग, परळ, दादर पालथं घातलं. भले लोक होते. एकालाही आपण चोरीचा माल वापरला असं वाटत नव्हतं. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर आम्हाला लाडू दिले आणि फाइल पाहिजे असेल तर पाठवतो म्हणाले. सहाव्या माणसाने पाठवणाऱ्या बाईचा नंबर दिला. तो मला पाठ होता. माझ्या बायकोचा.

हवालदार बराच वेळ समोरच्या बेस्टच्या बसकडे पाहत राहिला. फार सभ्य माणूस.

आदलं वर्ष मला लख्ख आठवलं. बंदोबस्ताला निघायची घाई, गुरुजी मिळेनात. अँटॉप हिलच्या सरकारी घरात मोबाइल समईला टेकवून मीच प्रतिष्ठापना केली होती. मी स्टेशन डायरीत नोंद केली, वरिष्ठांना सांगितलं आणि दोन पंचांसमोर बायकोचा फोन जप्त करायला घरी गेलो. माझ्या नोकरीतला सर्वांत जोखमीचा पंचनामा तो. ती म्हणाली, भिशीच्या ग्रुपवर आलं, पुढे पाठवलं, त्यात माझं काय चुकलं?

जप्तीपूर्वी मी पंचांना बसवलं आणि पूजा सुरुवातीपासून लावली. सायबरवाल्यांनी फाइल तपासली होती, पण पूजा कोणी ऐकलीच नव्हती. गुरुजींचा आवाज खणखणीत. संकल्प आला आणि मी थांबवलं. पुन्हा लावलं. आमचं गोत्र काश्यप. गुरुजी स्पष्ट म्हणत होते, कौशिक गोत्रोत्पन्न. आणि पुढे माझं नसलेलं नाव.

"अहो, मंत्रच आहे तो," बायको म्हणाली. "गेल्या वर्षी तुम्हीच म्हटलात ना त्यांच्या मागून, डोळे मिटून?"

म्हटलं होतं. ते नाव इथे लिहीत नाही, पण ते एका देवाचंही आहे. त्यामुळे मलाच काय, अख्ख्या लालबाग-परळमध्ये कुणालाच शंका आली नव्हती.

फिर्यादी बाईंना फोन लावला. त्यांनी उलगडा केला. कुलूप तोडताना नाव भरायचा भागच उडाला होता. ज्या विकतच्या प्रतीवर कारागिरी झाली, तिच्यातलं नाव सगळ्या फुकट प्रतींत जसंच्या तसं राहिलं. गिऱ्हाइकांच्या यादीत ते नाव आणि ते गोत्र, अशी जोडी एकच निघाली. पत्ता करी रोड, नव्या टॉवरचा.

नोटीस दिल्यावर गृहस्थ आले. चाळिशीचे, चांगल्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम. सोबत त्यांची आई. जबाब सुरू झाला तसे ते ठाम.

"अशा हजार फाइली फिरतात साहेब. माझंच नाव कसं आलं?"

"ते तुम्हीच भरलंत," मी म्हटलं आणि पूजा लावली.

कायदा, कलम, शिक्षा यांतल्या कशानेही त्यांचा चेहरा हलला नव्हता. स्वतःचं नाव ऐकलं आणि त्यांनी घाईने आईकडे पाहिलं. मी सावकाश सांगितलं की गेल्या वर्षी ही फाइल जिथे जिथे वाजली, त्या प्रत्येक घरातली पूजा तुमच्या नावाने झाली. माझ्यासुद्धा.

आई उठून उभ्या राहिल्या. "मीच ह्याला बोलले होते साहेब, बाप्पाच्या पूजेला फुकटचं नको, गुरुजींची दक्षिणा आधी पोचती कर. म्हणून ह्याने विकत घेतलं." मग मुलाकडे वळून हळूच म्हणाल्या, "स्वतःसाठी विकत घेतलंस आणि बाकीच्यांना चोरून दिलंस? लोकांच्या पूजेवर आपलं नाव लावलंस रे?"

त्यानंतर मला काही विचारावं लागलं नाही. जुन्या चाळीतल्या काकांनी मागितलं म्हणून कुलूप तोडलं, चार घरांपुरतंच होतं, ते पुढे पसरलं. कबुलीच्या ओघात ते एक वाक्य बोलले: "आपल्या पूजेत गुरुजी दिसत होते साहेब. दुसऱ्याला पाठवताना ती नुसती फाइल होती."

लॅपटॉप जप्त झाला, यथावकाश दोषारोपपत्र गेलं. पण फुकट प्रत थोडीच थांबणार होती? गणपतीला पाच दिवस उरलेले. जाहीर आवाहन करावं असं वरिष्ठांचं मत. आवाहनं मी नोकरीभर वाचली आहेत, मीसुद्धा ती पाळलेली नाहीत. त्या दिवशी जेवताना मी बायकोला एवढंच म्हटलं, त्या फुकट ॲपमध्ये आपली पूजा दुसऱ्याच कुणाच्या नावावर लागते गं. कुणाला सांगू नकोस.

दुसऱ्या दिवशी दुपारी फिर्यादी बाईंचा फोन आला. त्या विचारत होत्या, साहेब, तुम्ही नेमकं काय केलंत? लोकांची रांग लागली आहे.

त्या खटल्याने मला एक शिकवलं. फुकट घेणारा माणूस बहुतेक वेळा वाईट नसतो, त्याला समोर कुणी दिसत नसतं. गुरुजी दारात उभे असते तर त्यातल्या एकानेही त्यांना रिकाम्या हाताने पाठवलं नसतं. त्यांना गुरुजी दिसले नाहीत हे खरं. पण स्वतःचं नाव गेलेलं मात्र लगेच दिसलं. मी त्याचाच उपयोग केला आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही.

त्या वर्षी आम्ही ॲप विकत घेतलं. काश्यप गोत्राने, माझ्या नावाने संकल्प झाला. विसर्जनाचा बंदोबस्त संपल्यावर मी नारळ, पानसुपारी आणि दक्षिणा घेऊन गिरगावात गेलो. गुरुजी गॅलरीत बसले होते; माझ्या घरच्या पंचनाम्याची गोष्ट मुलीने त्यांना सांगितलेली. पाटीवर यजमानांचा आकडा लिहिलेला, या खेपेला न वाढवलेला. मी वाकून नमस्कार केला, दक्षिणा पुढे ठेवली. त्यांनी ती डोळ्यांना लावली, आशीर्वादाचा हात वर केला. मग पाटी पुसली, त्यावर दोन शब्द लिहिले आणि हसत माझ्यापुढे धरली.

"मागच्या वर्षीची?"