बुडालेली चिखलपट्टी

ऑनेसिम लमेर्ल यांना मी ओळखत होतो, असं म्हणायला संकोच वाटतो. वर्षभर आमच्या माडीवर राहिले, पण त्यांना भावंडं किती होती तेही मला ठाऊक नाही. पॅरिसच्या एका कारखान्यात भिंतीला लावायच्या कागदांवर बावीस वर्षं गुलाब काढत होते. कशीबशी वर्षाची रजा मिळवून इथे सेन नदीच्या काठी चित्र काढायला आले, एवढंच.

वर्ष एकाच चित्रात गेलं. धुक्यातून सूर्य वर येतो तेव्हा समोरच्या काठाची ओली चिखलपट्टी पंधरा-वीस मिनिटं जांभळी दिसते. त्यांना तेवढीच हवी होती. उजेड बदलला की ब्रश खाली. धुकं नसलं की नुसते बसून, ओठ चावत.

"नदी काय पळून चाललीय?" माझी बायको सोलांज म्हणायची. "आठवून रंगवा की!"

"आठवून बावीस वर्षं गुलाब काढले, वहिनी. आता पुरे."

रजा संपत आली, शनिवारी त्यांना कामावर परत निघायचं होतं, आणि चित्रात पट्टीची जागा अजून कोरी. अकरा दिवस धुकं नव्हतं. बुधवारी संध्याकाळी वारा पडला. उद्या धुकं येणार, हे मी ओळखलं. नदीवरच्या बंधाऱ्याची दारं माझ्याकडे. ती उघडी असली की पाणी हलतं. त्यांना पाणी स्थिर मिळावं म्हणून मी, कुणाला न विचारता, सगळी दारं लावून टाकली.

सकाळी हवं तसं धुकं. आणि त्यांची हाक, "ज्युस्तँ! अहो, काठ कुठंय?"

दारांनी अडलेलं पाणी रात्रीत हातभर चढून समोरच्या काठावरच्या गवताला टेकलं होतं.

"म्हटलं, पाणी जरा स्थिर..."

"सांगितलं होतं कुणी?"

मी धावत जाऊन दारं उघडली. पाणी उतरायला त्याचा वेळ घेणारच. पट्टी वर आली तोवर धुकं विरलं होतं. दिसला तो नुसता तपकिरी चिखल. त्यांनी ब्रश गवतात भिरकावला आणि मग गुडघ्यांवर बसून तो शोधत राहिले.

शुक्रवारी आभाळ लख्ख. शनिवारी मी त्यांची पेटी स्टेशनवर नेली. वाटेत माफी मागायची होती, जमलं नाही.

गाडीत चढताना त्यांनी विचारलं, "उद्या धुकं पडेल?"

"पडेलसं वाटतं."

"पडू दे. पेटी इकडे द्या."