धुतलेली बाहुली

भाचीला गावी पाठवायचं ठरलं तेव्हा ती सव्वादोन वर्षांची होती आणि तिच्या आईच्या, माझ्या वहिनीच्या पदराशिवाय झोपत नव्हती. पदराचं टोक मुठीत धरायचं, नाकाशी न्यायचं, मग डोळे मिटायचे. दिवसभर ती कुणाकडेही राहायची. झोप आली की मात्र तिला तो पदरच लागायचा.

आम्ही गोडादऱ्यात, कापडगिरण्यांच्या कामगारवस्तीत, दोन खोल्यांत राहतो. भाऊ लूम्सवर, म्हणजे यंत्रमागावर, आणि वडील पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये. आई साड्यांना घड्या घालायच्या कामाला जायची, तिथंच वहिनीलाही बोलावणं आलं. नाही म्हणण्यासारखी घरची परिस्थिती नव्हती. राहिले मी. मी कॉलेजला जाते. आमच्या घरातून आधी कुणी गेलं नव्हतं. ‘तू घरी थांब’ असं मला कुणी म्हणालं नाही. मीही ‘थांबते’ म्हणाले नाही. पोर वहिनीच्या आईकडे, शिरपूरकडच्या गावी जाणार हे मग आपोआप ठरल्यासारखं झालं.

तिची खेळणी मीच करायचे. सूत गुंडाळायचे रिकामे कोन एकावर एक चढवून मनोरा. साडीच्या घडीत घालतात त्या पुठ्ठ्याचा हत्ती. त्याची सोंड आखूड झाली होती.

“हाई डुकर शे का वं?” वडील म्हणाले.

“हत्ती,” भाची म्हणाली. फुईनं, म्हणजे मी, सांगितलं होतं म्हणून तिच्यासाठी तो हत्तीच होता.

जायच्या आदल्या आठवड्यात मी वहिनीकडे तिची रोजची जुनी साडी मागितली. म्हटलं, बाहुली शिवते, पदर पोरीबरोबर जाईल. मग तिला झोप तरी लागेल.

वहिनीनं नेसत्या साडीकडे पाहिलं. “थांब, आखो दोन दिन नेससू मी. मंग लई जाय.”

मला वाटलं, जुनी असली तरी तिला ती साडी सोडवत नाहीये.

दोन दिवसांनी साडी मिळाली. पदराचीच बाहुली केली, पोटात चिंध्या भरल्या, काळ्या दोऱ्याचे डोळे काढले. एक डोळा थोडा खाली आला. आमच्या घरी एक नियम आहे: लहान मुलाच्या अंगाला लागणारं कुठलंही कापड आधी गरम पाण्यातून काढायचं. वडिलांच्या हातांवर रंगाच्या पाण्यानं कायमचे चट्टे उठलेत, त्यांनीच तो घातलेला. “पहिले धोय, मंग पोरनी आंगले लाव.” त्या नियमानं मी बाहुली साबणाच्या गरम पाण्यात दोनदा धुतली आणि गॅलरीत तारेवर वाळत घातली. चांगलं काम झालं असं मला वाटत होतं.

वहिनी कामावरून आली, तिनं बाहुली तारेवरून काढली आणि नाकाशी नेली.

“धुई टाकी?”

“हो. दोनदा.”

तिनं बाहुलीच्या सुरकुत्या हातानं सरळ केल्या. मग म्हणाली, “बरं करं,” आणि बाहुली पोरीच्या पिशवीत ठेवली. तिनं दोन दिवस ती साडी का नेसली होती, ते मला तेव्हाही कळलं नाही.

भाऊ पोरीला पोचवून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाहून फोन आला. पोरीनं बाहुली हातात घेतली, नाकाशी लावली आणि फेकून दिली, रात्रभर रडली. आई माझ्याकडे वळून म्हणाली, “मायना वास कोन धोस वं?”

“राहू द्या,” वहिनी म्हणाली. “तिनी चांगलंच करं.”

तिनं रागावायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

उरलेल्या साडीचा तुकडा मी वहिनीला दिला. आठवडाभर तो तिच्या उशीवर होता. त्याची दुसरी बाहुली शिवली, पाणी लागू दिलं नाही, पिशवीचं तोंड घट्ट बांधलं. गावाकडे जाणारं कुणी निघेपर्यंत आणखी काही दिवस गेले.

ती बाहुली पोचली त्या दिवशी आम्ही फोनची वाट पाहत बसलो होतो. वहिनीची आई मोठ्यानं बोलते, त्यामुळे मलाही ऐकू आलं. “आते तिले काही नही लागत. मना पदर धरीसन झोपस. तू काळजी नको करू.”

“बरं झालं,” वहिनी म्हणाली.

फोन बंद झाल्यावरही ती तो हातात धरून बसली. आईनं कामाची वेळ झाल्याची आठवण करून दिली. वहिनी उठली, आरशासमोर उभी राहिली आणि पदर ओढून कमरेला घट्ट खोचला. कामावर तो तसाच खोचावा लागतो.