लाल्याचा पाय

समोर कोणीही आलं की ती आधी पायाकडं बघायची. माणूस असो, मेंढरू असो, तोंडाकडं नंतर. मी जनावरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून रुजू झालो तेव्हा तिनं माझ्या टाचा न्याहाळल्या आणि म्हणाली, "लगीन झालेलं दिसत न्हाई." झालं नव्हतं. टाचांवरून हे कसं कळतं, ते तिनं कधी सांगितलं नाही.

केदारखेड्याकडून ती मेंढरं घेऊन यायची, लसीला नाहीतर जंताच्या औषधाला. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. तुमच्याही गावात अशी एखादी असेल, औषध न्यायला येते आणि उपचार आपणच सांगते. पावसाळ्यात काळ्या चिखलानं मेंढरांची खुरं सडतात. त्यावर तिचा इलाज ठरलेला. घमेल्यात मोरचुदाचं निळं पाणी करायचं आणि एकेक मेंढरू त्यात उभं करायचं. "पाय बराबर तर समदं बराबर," म्हणायची. मेंढरांना गुण यायचा, हे डॉक्टरही मान्य करायचे.

कळपामागं तिचा कुत्रा असायचा, लाल्या. आमच्याकडं लांडगे आहेत. नवरा गेल्यापासून रानात तिला तेवढीच सोबत होती.

भादव्यात आठवडी बाजारात मला लाल्या लंगडताना दिसला. पुढचा पाय टेकवत नव्हता. बसला की बोटांच्या मधे चाटत राहायचा.

"मावशी, दाखवून जा की. सुजलाय पाय."

"कुत्र्याच्या पायासाठी दवाखाना? लोकं हसतेन मला."

"हसू द्या. सूज उतरली न्हाई तर उद्याच आणा."

"पायाचं मला सांगून राह्यला व्हय?" ती हसली आणि कळप हाकत निघून गेली.

पुढच्या बाजाराच्या आधीच ती आली. रिक्षात, लाल्याला घोंगडीत गुंडाळून. तो काही खात नव्हता. उलटी केली ती हिरवट निळी. डॉक्टरांनी विचारलं, "पायाला काय लावलं?"

"मोरचुदाच्या पाण्यात उभा करत व्हते. सकाळ-संध्याकाळ."

डॉक्टरांनी लाल्याचा पाय उचलून बघितला. मग म्हणाले, "मावशी, मेंढरू पाय चाटत नाही. कुत्रा चाटतो. सगळं विष पोटात गेलं त्याच्या."

ती लाल्याकडं बघत राहिली. "बिलकुल हलत नव्हता," म्हणाली. "धरावं पण लागत नव्हतं. उभा ऱ्हा म्हनलं की उभा."

सलाईन लावलं. डॉक्टरांनी बोटांच्या बेचक्यातून बाभळीचा काटा काढला. पाय टेकवत नसला, सूज असली, पू आला, सारखा चाटत असला, तर घरी काही न करता आणायचं, असं त्यांनी तिला सांगितलं. रागावले नाहीत. ती मान हलवत होती. ऐकत होती की नाही, कोण जाणे.

दुपारी लाल्या गेला. "सुई काढा आता," ती म्हणाली. मी काढली, टेबल धुतलं. वाईट वाटायला हवं होतं. मी फडकं पिळून वाळत घातलं आणि जेवायला बसलो. जेवलोही.

कुत्र्याविना कळप राखणं झालं नाही. लांडग्यानं दोन कोकरं नेली, मग दिवाळीआधी तिनं मेंढरं विकली. पण बाजारच्या दिवशी ती दवाखान्यात यायचीच. रिकामी. ओसरीवर बसायची. कोणी कुत्रं आणलं, पायाला मलम लागलं, की ती त्याचं तोंड मांडीवर घेऊन धरून ठेवायची. अनोळखी कुत्री, पण एकही तिला चावलं नाही. मालकाला घाई असायची.

"मावशी, जाऊ का आता?"

"वाळू दे." एवढंच बोलायची.

गेल्या उन्हाळ्यात ती वारली. मातीला मी गेल्तो.

आता मलम लावलं की मी मालकाला सांगतो, वाळेपर्यंत तोंड धरून बसा. ते हो म्हणतात. थोड्या वेळानं मोबाईल वाजतो, हात सुटतो, कुत्रं चाटायला लागतं. मग मी ओसरीवर जाऊन बसतो आणि धरतो.