मुंबई कोणाची, गाव कोणतं

लग्न होऊन परळच्या चाळीत आले आणि महिन्याभरात ठरवून टाकलं, ही मुंबई काही आपल्याला झेपायची नाही. नागपूरला आमचं अंगण ऐसपैस. इथे हात लांब केला की भिंत, आणि भिंतीपलीकडचं भांडण फुकटात. सोमवारी माझा भाऊ न्यायला येणार होता. मी ह्यांना स्वच्छ सांगितलं, आता जाईन ती परत यायची नाही. ह्यांचा चेहराच पडला. एवढंच म्हणाले, की रविवारी मुंबई बघून घे, मग काय ते ठरव.

निघालो ट्रामने. मुंबई दाखवणारा हा गडी असा, की जन्म गेला मिल आणि चाळ करण्यात. गिरगावात आम्ही एकाच वाडीला दोनदा वळसा घातला, तरी वाट विचारायची म्हणजे कमीपणा! शेवटी मीच विचारली.

मला एक खोड आहे, भेटेल त्याला गाव विचारायचं. ट्रामचा कंडक्टर साताऱ्याचा निघाला. गिरगावात पियूष प्यायलो तो दुकानदार राजापूरचा. दादरची फुलवाली जुन्नरची, भाव करता करता जत्रेचं आमंत्रणही देऊन मोकळी झाली. तिने उलट ह्यांना गाव विचारलं, तर हे म्हणतात मालवण. अहो, जन्म परळचा ना तुमचा? तर म्हणे, जन्म परळचा असला म्हणून काय झालं, गाव मालवणच. आता काय बोलायचं, कपाळ!

संध्याकाळी लालबागला मैदानात सभा होती. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस ते, सभा नाही असा आठवडा जायचा नाही. सातारा, राजापूर, मालवण सगळे एका सुरात ओरडत होते, मुंबई आमची! मला हसूच आवरेना. मी मोठ्यानेच म्हटलं, एकाचंही गाव इथलं नाही, मग मुंबई ह्यांची कशी? हे हळूच कोपराने ढोसायला लागले.

शेजारी आमच्याच चाळीतली एक बाई उभी होती. मिलमध्ये कामाला जायची, घरच्यांनी नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली. तिच्याशी नळावर दोन शब्द व्हायचे, तेवढीच ओळख. मी तिलाही विचारलं, बाई, तुमचं गाव कोणतं?

"गाव आहे की रत्नागिरीकडं," ती म्हणाली. "पण तिथल्या विहिरीला आमचा हात लागलेला चालत नव्हता. इथं नळावर माझ्या नंबरात कुणी कळशी घालून तर बघू दे! मग तूच सांग, मुंबई कोणाची?"

नागपूरच्या आमच्या विहिरीवर कोण येत नसे, ते मला ठाऊक होतं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तेवढ्यात व्यासपीठावरून घोषणा झाली आणि तिच्याबरोबर मीही ओरडले, झालाच पाहिजे! हे माझ्याकडे बघतच राहिले, पण विचारायची हिंमत काही झाली नाही.

सोमवारी भाऊ आला. ट्रंक कुठे आहे म्हणाला. मी म्हटलं, बस, चहा घे.

"आईला सांग, दिवाळीला आम्ही दोघं गावाला येऊ."

भाऊ भडकलाच. "गावाला? नागपूरला गाव म्हणून राहिली तू?"

हे त्याला चहा ओतत होते. अर्धा बशीत गेला, अर्धा त्याच्या धोतरावर.