सातव्या वाक्यातली बाई

"पुन्हा म्हण," सर म्हणाले.

आई सरांच्या धुळ्याच्या बंगल्यात फरशीवर बसली होती. ओले हात लुगड्याला पुसत. समोर स्टुलावर टेपरेकॉर्डर. ती त्यांच्याकडे भांडी घासायची. मी आठवीत होते, सुट्टी म्हणून सोबत गेले होते. त्याच आठवड्यात सरांच्या घरातली चांदीची वाटी हरवली होती. आईला वाटलं, पोलिसांना ऐकवायला जबानी घेतायत. सर भाषाशास्त्राचे प्राध्यापक. त्यांना फक्त अहिराणी वाक्यं हवी होती. पण हे तिला सांगायची गरज त्यांना वाटली नाही. काहीही बोल, एवढंच म्हणाले.

आई बोलली, "माले भ्याव वाटस."

मला भीती वाटते. सर एकदम खूश. तेच वाक्य तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा तिचा आवाज चिरकला. मी दाराशी उभी होते. वाटी चार दिवसांनी देव्हाऱ्यामागे सापडली. आम्हाला कुणी सांगितलं नाही. आईपुढे ती घासायला आली, तेव्हा कळलं.

पुढे मी भाषाशास्त्रच शिकले. हट्टानं. आणि सर जिथे विभागप्रमुख, त्याच कॉलेजात कंत्राटी नोकरीला लागले. दुसरीकडे कुणी घेतलंच नाही. दरवर्षी नव्यानं मुलाखत.

यंदा नवं खूळ निघालं होतं, सायटेशन. तुमच्या लेखाचा आधार किती जणांनी घेतला, तुम्ही कुणाकुणाबरोबर लिहिलं, सगळं मोजायचं आणि पडद्यावर दाखवायचं. माझ्या नावापुढे शून्य. सरांच्या नावापुढे भलामोठा आकडा. मुलाखतीला समोर सर आणि बाहेरून आलेले एक तज्ज्ञ. तज्ज्ञ मला म्हणाले की भाषा तुमची, तुम्ही इथल्याच, आणि काम मात्र सरांनी केलं. मग त्यांनी सरांचा सगळ्यात गाजलेला लेख उघडला.

उदाहरण सातवं. माले भ्याव वाटस. खाली बारीक अक्षरात टीप. निवेदक निरक्षर ग्रामीण स्त्री, भुताखेतांविषयी बोलत आहे.

हे मी एम.ए.ला असतानाच वाचलं होतं. तेव्हा गप्प बसले. किती वर्षं गप्प बसले, त्याची लाज आजही वाटते. ज्यांनी ज्यांनी हा लेख वापरला, त्यांनी ते भूतही उचललं होतं.

मग सर माझ्या लेखाकडे वळले. भांड्याकुंड्यांच्या अहिराणी शब्दांवरचा लेख. शब्द सगळे आईचे, म्हणून सहलेखक म्हणून तिचं नाव घातलं होतं.

"भांडी घासणारी बाई सहलेखक?" सर म्हणाले. "ते नाव काढा, माझं घाला. आकडे आपोआप येतील."

दोघं हसले. सरांनी माझी फाइल मिटली आणि तिच्यावर हात ठेवला. नाव काढलं तर नोकरी, नाही तर नाही, हे न कळायला मी काही खुळी नव्हते. खोलीचं भाडं दिसलं, आईचा मोतीबिंदू दिसला. हो म्हणायला मी तोंड उघडलं.

"माले भ्याव वाटस," मी म्हणाले.

"प्रमाण मराठीत बोला."

"ती भुताला भ्याली नव्हती, सर. तुम्हाला भ्याली होती. नाव मी काढणार नाही."

तज्ज्ञांनी पडद्यावरचा लेख बंद केला. मी उठून बाहेर आले.

घरी सांगितलं तर आईच घाबरली. म्हणाली, "मन्हं नाव काढी टाक, पोरी. तुन्ही नोकरी ऱ्हाऊ दे." मी तिलाही नाही म्हटलं.

नेमणुकांच्या नव्या यादीत माझं नाव नव्हतं. आता रोज एसटीनं जळगावला जाते, तिथे एका क्लासमध्ये मराठी शिकवते. तेही किती दिवस, माहीत नाही. सरांचा हात लांबवर पोचतो.

पण सरांच्या लेखाचा आधार कुणी कुणी घेतला, ती यादी सगळ्यांना बघता येते. त्यांनीच मोजायला शिकवलं. मी त्या यादीतल्या एकेकाला पत्र लिहिते. सातव्या वाक्यातल्या बाईचं नाव द्वारकाबाई. ती माझी आई. तिच्या समोर भूत नव्हतं, प्राध्यापक होता. टीप दुरुस्त करा.

पत्र पाठवताना अजून भीती वाटते. वाटू दे. यादी संपेपर्यंत लिहिणार. आणि ज्यांचं उत्तर येणार नाही, त्यांना पुन्हा म्हणणार.